अपघाती ट्रक खरेदी : घ्यावयाची दक्षता

(हदगाव येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



मी पिकांचा माणूस आहे, गाड्यांचा नव्हे. तरी या भागात हळदीवर किंवा सोयाबीनवर बोलून झाले की एक प्रश्न हमखास येतो. "सर, माल तर पिकवला, पण मोंढ्यावर न्यायला गाडी परवडत नाही. अपघातातला एखादा ट्रक स्वस्तात घेऊन घरीच दुरुस्त केला तर?" आज याच प्रश्नावर बोलणार आहे, कारण याचे उत्तर मी घरात पैसे मोजून शिकलो आहे.

हदगावची हळद वसमत, हिंगोली किंवा नांदेडच्या बाजारात जाते. भाडे दरवर्षी वाढते आणि नेमक्या हंगामात गाडी मिळत नाही. त्यामुळे स्वतःची गाडी असावी असे वाटणे चूक नाही. मोडकी गाडी घेणेही चूक नाही. हिशेब न मांडता घेणे मात्र चूक आहे.

आमच्या घरचा हिशेब

माझ्या थोरल्या भावाने उलटलेला एक सहाचाकी ट्रक २,४०,००० रुपयांस घेतला. तसाच चालू स्थितीतील ट्रक त्या वेळी ४,५०,००० रुपयांस मिळत होता. "ऐंशी हजारांत उभा करतो, सव्वा लाख वाचले समज," असे दादा म्हणाला. प्रत्यक्षात झालेला खर्च असा :

ट्रक खरेदी : २,४०,०००
क्रेन व ओढून आणणे : १२,०००
केबिन, डेंटिंग-पेंटिंग : ६८,०००
चेसिस व पुढचा एक्सल : ५४,०००
रेडिएटर, काचा, वायरिंग, दिवे : ४१,०००
दोन टायर : ३६,०००
कर, विमा व योग्यता प्रमाणपत्र : ४७,०००
हंगामात दुसऱ्याच्या गाडीचे भाडे : ३२,०००
एकूण : ५,३०,०००

कर-विम्याचा खर्च चालू गाडीलाही आला असता. तो वजा केला तरी ४,८३,००० रुपये होतात. म्हणजे चांगल्या ट्रकपेक्षा ३३,००० रुपये जास्त देऊन आम्ही मोडका ट्रक घेतला! शिवाय चार महिने तो अंगणात उभा होता आणि हळद दुसऱ्याच्या गाडीतून गेली. दादाने व घरच्या मंडळींनी केलेल्या कामाची मजुरी यात धरलेलीच नाही.

चूक कुठे झाली? इंजिन सुरू झाले म्हणून आम्ही खूश झालो. चेसिस कोणी मोजलीच नाही. दुरुस्तीनंतर पुढचे टायर एका बाजूने झिजू लागले, तेव्हा चेसिस वाकल्याचे कळले.

खरेदीपूर्वी तपासणी

आपण सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी १०० दाणे गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी आली तर ते बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरत नाही. गाडीचीही तशीच परीक्षा घ्यावी.

१. चेसिस : ट्रक सपाट जागेवर उभा करावा. चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या जागांवरून ओळंबा सोडून जमिनीवर चार खुणा कराव्यात आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत फरक आला तर चेसिस तिरपी झाली आहे असे समजावे. रिव्हेटजवळ उडालेला रंग व नवे वेल्डिंग बारकाईने पाहावे.

२. नंबर : चेसिस व इंजिनवरील नंबर नोंदणी पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळवावेत. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर सौदा तेथेच सोडावा. भंगार झालेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला लावून विकण्याचे प्रकार घडतात.

३. पाण्यात बुडालेली गाडी : २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात मोठे पूर आले. अशी वर्षे गेली की बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विक्रीस येतात. सीटखाली व दिव्यांच्या आत गाळ, तसेच वायरिंगच्या जोडांवर गंज आहे का ते पाहावे. इंजिन, गिअर बॉक्स व डिफरन्शियलचे तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी गेले आहे. अशी गाडी सुरू करून पाहू नये. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही व कनेक्टिंग रॉड वाकतो.

४. गाडीचे वर्ष : एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ प्रतीच्या आहेत. त्यांत सेन्सर व संगणकीय भाग बरेच असतात आणि दोष शोधण्यासाठी यंत्र लागते. अशी गाडी घरी दुरुस्त होईल असे गृहीत धरू नये.

कागदपत्रे

दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त होत असेल तर विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. त्यामुळे दावा निकाली निघाला आहे का आणि नोंदणी रद्द झाली आहे का, हे आधी विचारावे. नोंदणी रद्द झालेला सांगाडा सुट्या भागांच्याच भावाने घ्यावा. तो रस्त्यावर आणण्याच्या आशेने जास्त पैसे देऊ नयेत.

आधीच्या मालकाचे कर्ज फिटले असले तरी नोंदणी पुस्तकावर बोजा राहिलेला असतो. बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नमुना २९ व ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांच्या आत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी परिवहन कार्यालयात अर्ज करावा. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी कंपनीस १४ दिवसांत कळवावे. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीस दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते.

विम्याविना गाडी एक दिवसही रस्त्यावर आणू नये. एक अपघात झाला तर भरपाईपोटी बापजाद्यांची जमीन विकण्याची पाळी येऊ शकते. मग वाचवलेल्या पैशांना काय अर्थ?

घरी काय करावे, काय करू नये

हौद्याच्या फळ्या, फाळके, सीट, रंगकाम, ग्रीसिंग, दिवे बसवणे ही कामे घरी जरूर करावीत. त्यात खरी बचत होते. चेसिस, ब्रेक व स्टिअरिंग ही कामे मात्र जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावीत. चेसिस गॅसने तापवून सरळ केल्यास पोलादाची ताकद कमी होऊ शकते. घरी वेल्डिंग करताना आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात.

केव्हा घ्यावी?

हळद बाजारात जाण्याच्या तोंडावर मोडकी गाडी घेऊ नये. पेरण्या उरकल्यावर, श्रावणाच्या सुमारास घेतली तर दुरुस्तीला सवड मिळते आणि सोयाबीन निघेपर्यंत ती उभी राहू शकते. कारागिराने सांगितलेल्या खर्चाच्या दीडपट रक्कम हिशेबात धरावी. ही रक्कम व खरेदी किंमत मिळून चालू गाडीच्या किमतीच्या तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त होत असेल तर घेऊ नये, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. दादाने ही दीडपट धरली असती तर ८०,००० चे १,२०,००० झाले असते आणि एकूण ३,६०,००० आले असते. तीन चतुर्थांश म्हणजे ३,३७,५००. कागदावरच उत्तर मिळाले असते!

तो ट्रक आज चालतो आहे आणि दादाचा त्यावर जीव आहे. परंतु गावातले कोणी अशी गाडी पाहायला निघाले की दादा स्वतः सोबत जातो. खिशात ओळंबा, दोरी आणि कोरा कागद घेऊन! आपणही या तीन वस्तू न्याव्यात आणि इंजिन सुरू करून पाहण्यापूर्वी कागदावर बेरीज करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.