पानावरची गोधडी



सोनाळ्याकडे जा नाहीतर वरवट बकालकडे, सोयाबीनचं पान पिवळं दिसलं की लगेच ऐकू येतं, "मोझॅक आला!" आणि दुपारपर्यंत पाठीवर पंप. अहो, थांबा. आधी तो शब्द काय सांगतो ते तर ऐका.

संगमरवराच्या रंगीत चिपा बसवून घासलेली मोझॅकची फरशी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. शब्द इटलीमार्गे आलेला, मूळ मात्र ग्रीक. त्याचं नातं म्यूझशी, म्हणजे कलांच्या देवतांशी. म्युझियम आणि म्युझिक ही याच घरातली भावंडं. १८८६ मध्ये हॉलंडात अडॉल्फ मायर यांनी तंबाखूच्या आजारी पानावर गडद-फिकट तुकडे पाहिले आणि रोगाला हेच नाव दिलं. म्हणजे नाव तुकड्यांवरून पडलंय, पिवळेपणावरून नाही.

घरची गोधडी डोळ्यांपुढे आणा. हिरवा तुकडा, त्याला लागून पिवळा, कडा वेड्यावाकड्या. पान असं दिसलं तर तो मोझॅक. आणि उन्हानं विटलेलं लुगडं? सगळा रंग उडालेला, जरीच्या रेघा तेवढ्या शाबूत. तसं कोवळं पान सरसकट फिकं आणि शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. आपल्या खारपाणपट्ट्यात, चुनखडीच्या वावरात तर हे आधी तपासायला हवं. पुन्हा सांगतो, तुकडे असतील तर गोधडी, सरसकट असेल तर विटलेलं लुगडं.

आता गोधडीला सुई लागते. इथली सुई म्हणजे पांढरी माशी. रोगट झाडाचा रस शोषते, मग निरोग्यावर बसते, टाका पडतो. झाडात शिरलेला मोझॅकचा विषाणू कोणत्याही फवाऱ्यानं निघत नाही, मायबाप! म्हणून पहिली दोन-चार रोगट झाडं दिसताच उपटा, वावराबाहेर नेऊन पुरा. पिवळे चिकट सापळे लावा. ताई, निंदताना असं झाड सगळ्यांत आधी तुमच्याच नजरेला पडतं, तेव्हा तुम्हीही ऐका.

धुऱ्यालगतचा मूग-उडीद हा या माशीचा दुसरा मुक्काम, त्याचं सविस्तर... वेळ संपल्याची खूण झाली. लोहासाठी फेरस सल्फेट किती, कधी, तेही राहिलंच. उद्या सकाळी वावरात गेलात की पान उलटून बघा. माशी खालच्या बाजूला बसते.