बिनपगारी उमेदवारी

'उमेदवार' या शब्दांतच 'उमेद' आहे. जुन्या कचेऱ्यांतून, जागा रिकामी होईल या आशेवर, तरुण मंडळी महिनोन्महिने बिनपगारी खर्डेघाशी करीत; त्यांना उमेदवार म्हणत. हाल पुष्कळ होत. पण नकला करकरून अक्षर वळे, दप्तराची रीत कळे, आणि जागा मिळे त्या दिवशीं काम हातांत बसलेलें असे. आजच्या उमेदवाराला 'इंटर्न' म्हणतात. त्याच्यापुढें पुष्कळदां वेगळेंच संकट उभें असतें : पगार नाहीं, आणि कामहि नाहीं.

वाकोल्यांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. कलिन्याच्या विद्यापीठांतून पदवी घेतलेला मुलगा सकाळीं डबा घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलाकडे निघतो. अंतर थोडें; पण बसचें भाडेंहि घरचेंच. कचेरींत त्याला खुर्ची मिळते, काम मिळत नाहीं. दोन कागदांच्या प्रती काढाव्या, कोणाला निरोप सांगावा, आणि उरलेला दिवस कामांत असल्याचा भास करीत घालवावा. संध्याकाळीं आई विचारते, "आज काय शिकलास रे?" तो कांहींतरी रचून सांगतो. पैशाच्या नुकसानीपेक्षां हें रचून सांगणें अधिक घातक. कारण आपणच बिनकामाचे आहोंत, असें हळूहळू त्याचें त्यालाच वाटूं लागतें.

वस्तुतः दोष बहुधा त्याचा नसतो. नवख्याला काम देणें म्हणजे तें समजावून सांगणें, तपासणें आणि चुकलें तर पुन्हां करवून घेणें. इतका वेळ काढण्यापेक्षां तें स्वतःच उरकणें वरिष्ठाला सोपें वाटतें. शिवाय ज्याला पगार द्यावा लागत नाहीं, त्याचा दिवस फुकट गेला तरी तो कोणाच्या हिशेबांत दिसत नाहीं. पगार हा केवळ श्रमाचा मोबदला नव्हे. काम देण्याची निकडहि त्यानेंच उत्पन्न होते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालीं नोंदलेल्या उमेदवारास विद्यावेतन द्यावेंच लागतें. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेंत पदवीधरास दरमहा १०,००० रुपये ठरविण्यांत आले. परंतु तोंडी ठरलेल्या उमेदवारीला असा आधार नसतो. २०१५ सालीं न्यूयॉर्क येथील अपील न्यायालयानें अशाच एका खटल्यांत जी कसोटी सांगितली, ती आपल्याकडील घरांनाहि उपयोगी पडेल : या संबंधांत मुख्य लाभ कोणाचा?

तेव्हां उमेदवारानें काय करावें? 'कांहीं काम आहे का?' असें मोघम विचारूं नये. 'सध्यां नाहीं' हेंच उत्तर येतें. 'मागील महिन्याचा तक्ता चार वाजेपर्यंत करून आणूं का?' असें नेमकें विचारावें. काम झाल्यावर तें तपासून घेण्यासाठीं दहा मिनिटें मागावीं. खरें शिकणें त्या दहा मिनिटांत असतें. रिकाम्या वेळीं परवानगी घेऊन जुनीं प्रकरणें वाचावीं. रोज निघतांना वहींत तीन ओळी लिहाव्या : काय पाहिलें, काय केलें, काय समजलें नाहीं. पंधरा दिवसांनीं ती वही वरिष्ठांपुढें ठेवून नम्रपणें बोलावें. त्यानंतरहि महिनाभर दुसरी ओळ कोरीच राहिली, तर आभार मानून निघावें. त्यांत पळपुटेपणा नाहीं.

घरच्या वडीलधाऱ्यांनींहि 'चिकटून राहा, पुढेंमागें घेतील' असा आग्रह धरूं नये. आईनेंहि संध्याकाळीं प्रश्न थोडा बदलावा : "आज त्यांनीं काम दिलें का रे?" या प्रश्नाला 'नाहीं' असें खरें उत्तर देण्याची मुभा घरांत असली, म्हणजे दुसऱ्या दिवशीं कचेरींत काम मागण्याचें धैर्यहि येतें.