अर्थसंकल्पाची कसोटी श्रमिकांच्या ताटात
(मोहाली येथील व्याख्यानाचा मजकूर)



मोहालीलगतच्या चंडीगढमध्ये पंजाब विधानसभा भरते. १९६७ साली मुख्यमंत्री गुरमुखसिंग मुसाफिर यांचा अमृतसरमध्ये पराभव करून कॉम्रेड सत्यपाल डांग याच सभागृहात आले. छेहर्ट्याच्या कामगारांचे हे नेते पुढे संयुक्त आघाडीच्या सरकारात अन्नपुरवठा मंत्री झाले. तरीही त्यांची राहणी साधीच राहिली.

कम्युनिस्ट आमदाराने अर्थसंकल्प तपासावा तो याच कामगाराच्या नजरेने. राज्यघटनेच्या कलम २०३ अन्वये विधानसभा खर्चाची मागणी नाकारू वा कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. कर्जावरील व्याज तर कलम २०२ नुसार ‘भारित’ खर्च ठरते. त्यावर चर्चा होते, मतदान नाही. म्हणजे सावकाराचा वाटा आधीच बाजूला निघतो आणि उरलेल्या रकमेसाठी शाळा, दवाखाने व रेशन यांची ओढाताण चालते.

म्हणून तरतुदीच्या आकड्यावर समाधान मानू नये. प्रत्यक्ष खर्च किती झाला? महागाई वजा जाता तरतूद वाढली की घटली? याची उत्तरे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत आणि श्रमिकांच्या ताटात शोधली पाहिजेत. सभागृहातील कपात-सूचनेमागे रस्त्यावरची संघटित शक्ती उभी राहिली, तरच सरकारला तिची दखल घेणे भाग पडते.