पाहणे हाही अभ्यासच



आपला एक माजी विद्यार्थी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकतो. त्याच्या वडिलांनी मला विचारले, "गुरुजी, पोरगा नुसते सिनेमे बघतो. पुढची फी भरू की नको?" प्रश्न रास्त आहे.

१९५२ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'बायसिकल थीव्हज' हा इटालियन चित्रपट दाखवला गेला. चोरीला गेलेली सायकल शोधणारे गरीब बापलेक, एवढीच कथा. त्याच्या प्रभावातून बिमल रॉय यांनी १९५३ मध्ये 'दो बिघा जमीन' काढला. डोळसपणे पाहिलेले असे फळते.

मग वर्गातले प्रकल्प. दिवस मोजके, साधने मोजकी. एकाने कॅमेरा धरायचा, दुसऱ्याने आवाज टिपायचा. वेळ पाळणे व दुसऱ्याचे ऐकणे तेथे आपोआप अंगी बाणते. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या चिदानंद नाईक यांनी याच संस्थेत चार दिवसांत चित्रित केलेल्या लघुपटाला २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिले पारितोषिक मिळाले.

प्रत्येकाला असे यश मिळेल, असे मी म्हणणार नाही. नोकरीची हमीही नाही. पण त्या वडिलांना मी सांगितले, "फी भरा, आणि सुटीत आला की 'काय पाहिलेस?' एवढे विचारा. तासभर बोलला, तर तो शिकतो आहे."