वाडीच्या वाटेवर गाडीतला रेडिओ


पौर्णिमेला नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला निघालात?
मग रेडिओचं स्टेशन आधीच लावा.
चालत्या गाडीत बटणांशी खेळ नको.
बदलायचंच असेल, तर शेजारच्याला सांगा.

आवाज बेताचा ठेवा.
मागचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.
उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी तर ऐकू येतातच!

पुन्हा सांगतो,
स्टेशन आधी, गाडी नंतर.

पावसाळ्यात वाडीजवळच्या कृष्णा-पंचगंगा नद्या चढतात.
2019 चा महापूर आपण पाहिलाय.
अशा वेळी पाणीपातळीच्या बातम्या जरूर ऐका.
पण इंजिन बंद ठेवून तासन्‌तास नको,
बॅटरी उतरते.

गाडीत पुराचं पाणी शिरलंय?
चावी फिरवू नका.
रेडिओही लावू नका.
आधी मेकॅनिकला बोलवा,
आणि बॅटरीची वायर काढून घ्या.