मणी सरकवून मोजलेले श्वास
(लासुर्णे येथे दिलेले भाषण)



सरकारचे धोरण कोण ठरवतो? तुम्ही म्हणाल, मंत्री आणि साहेब लोक. खरेच आहे ते. पण तान्ह्या मुलांचे एक धोरण खेड्यातल्या बायांच्या हातांनी घडले. ती हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

लहान बाळाची छाती भरते, पोट उडू लागते. आपण म्हणतो, डबा झाला. डॉक्टर त्याला न्युमोनिया म्हणतात. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ सालापासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेतर्फे काम करू लागले. तिथे या दुखण्याने पुष्कळ बाळे जात. औषध साधेच होते. पण डॉक्टर लांब, मग ते द्यायचे कोणी?

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाले, की धोका. आता गावच्या सुईणीला साठपर्यंत मोजता कुठे येते? पण दहापर्यंत येते की! मग एक साधी पाटी केली. तिच्यात मणी ओवले आणि मिनिटाचे वाळूचे घड्याळ बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर औषध सुरू. आम्हांला ही युक्ती फार आवडते. बाईला अडाणी म्हणून बाजूला सारले नाही. हत्यारच तिच्या हाताजोगे केले.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बायांनी घरोघर नवजात बाळे सांभाळली. वजन करायचे, ऊब द्यायची, गरज पडली तर सुईसुद्धा टोचायची. तिसऱ्या वर्षी तिथले बालमृत्यू, म्हणजे पहिल्या महिन्यातले, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ही गोष्ट 'लॅन्सेट' या विलायतेच्या साप्ताहिकात छापून आली. २०११ साली भारत सरकारने हेच काम आशाताईंकडे दिले.

दवाखान्यातली सिस्टर बाळबाळंतिणीला घरी सोडते, तिथून आशाताईची पाळी. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती घरी येते. बाळंतपण घरीच झाले, तर पहिल्या दिवशीही.

आता आपल्याकडचे पाहा. ऊसतोड सुरू झाली की फडाशेजारी कोपी पडतात. ऐन थंडीत तिथेही पाळणा हलतो. त्या बाळाचे नाव कोणाच्या वहीत? त्याच्या गावच्या, की आपल्या? दोन्हीकडून राहून जायला वेळ लागत नाही.

आमचे बोलणे झाले, की आशाताई वही घेऊन इथेच बसणार आहेत. तुमच्या फडाकडे तान्हे बाळ असेल, तर आत्ताच सांगा. नाव माहीत नसले तरी चालेल. कोप कोणत्या रानात आहे, तेवढे सांगा.