जुना संगणक : डागडुजी कीं नवी खरेदी ?

छत्रपति संभाजीनगर शहराच्या उत्तरेस, जळगांवच्या रस्त्यावर हर्सूल हें जुनें गांव आहे. आतां तें शहरांतच मिसळून गेलें आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभीं मलिक अंबरानें खडकी नगर वसविलें, तेव्हां नहर-ए-अंबरीचें पाणी त्यानें याच बाजूनें शहरांत आणिलें. पुढें हर्सूलचा तलाव शहराच्या मदतीस आला. परंतु वस्ती इतकी वाढली कीं जुन्या व्यवस्थेची कितीही डागडुजी केली तरी ती अपुरीच ठरली, आणि पैठणच्या नाथसागराचें पाणी मोठ्या नळांनीं आणावें लागलें. नाथसागर तुडुंब भरला तरी मधला नळ अरुंद असेल, तर घरच्या तोटीला धार बारीकच येते, हाहि धडा शहरानें घेतला. दुरुस्ती कोठवर करावी आणि नवी व्यवस्था केव्हां उभारावी, हा प्रश्न या परिसराच्या असा चांगल्या ओळखीचा आहे. आज तोच प्रश्न तेथील अनेक घरांत एका निराळ्याच वस्तूविषयीं पडतो. ती वस्तु म्हणजे खेळासाठीं घेतलेला आणि आतां आठ-नऊ वर्षांचा झालेला संगणक.

मुलगा म्हणतो, नवा घ्यावा. वडील म्हणतात, चालतो आहे तोंवर चालवावा. दोघांचेंहि म्हणणें बहुधा अंदाजावर उभें असतें. त्याच संगणकावर कॉलेजचा अभ्यास होतो, फॉर्म भरले जातात, बँकेचे व्यवहार होतात. नव्या संगणकाची किंमत कित्येक घरांत वर्षाच्या फीच्या तोडीची असते. म्हणून हा वाद हट्टावर किंवा काटकसरीवर न सोडतां विचारानें मिटविला पाहिजे.

संगणकावरील खेळ म्हणजे झरझर बदलणाऱ्या चित्रांची मालिका. सेकंदाला साठ चित्रें पडद्यावर यावयाचीं असतील, तर एका चित्रास सुमारें सतरा सहस्रांश सेकंद एवढाच वेळ मिळतो. तेवढ्यांत शत्रु कोठें आहे, गोळी कोणास लागली, भिंत कोसळली कीं नाहीं, याचा हिशेब प्रोसेसर करतो. आणि त्या हिशेबाबरहुकूम ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवितें. हिशेबनीस आणि चितारी या दोघांत जो मंद, त्याच्या गतीनें खेळ चालतो. मंद हिशेबनिसाच्या जोडीला उत्तम चितारी दिला, तर तो हातावर हात ठेवून बसेल, आणि त्याच्यावर घातलेला पैसा वायां जाईल.

तेव्हां पहिलें काम खरेदीचें नव्हे, निदानाचें. मराठवाड्याचा उन्हाळा कडक आणि धुळीचा. पेटींतील पंख्यांवर धुळीचा थर बसला कीं आंतली उष्णता बाहेर पडत नाहीं, आणि प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठीं आपली गति आपणच कमी करतो. म्हातारे म्हणून हिणविलेले कित्येक संगणक वस्तुतः तापलेले असतात. पंखे स्वच्छ करून, प्रोसेसरवरील सुकलेली थर्मल पेस्ट बदलून पाहावी. या कामास किरकोळ खर्च येतो. त्यानंतरहि खेळ अडखळत असेल, तर खेळाच्या सेटिंगमध्यें जाऊन चित्राचा आकार १९२० × १०८० वरून १२८० × ७२० असा उतरवावा. चित्रांची गति एकदम वाढली, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत होतें असें समजावें. ती होती तशीच राहिली, तर दोष बहुधा प्रोसेसरकडे आहे. या परीक्षेस एक पैहि लागत नाहीं.

निदान झालें म्हणजे उपाय सांपडलाच असें नाहीं. तो उपाय जुन्या मदरबोर्डावर बसतो कीं नाहीं, हें पाहावें लागतें. हर्सूलच्या दोन शेजाऱ्यांनीं २०१७ सालीं एकाच महिन्यांत संगणक घेतले, असें समजूं. एकाच्या पेटींत इंटेलचा कोअर आय-५ ७४०० आहे, दुसऱ्याच्या पेटींत एएमडीचा रायझन ५ १६००. दोघांचेंहि निदान एकच निघालें : प्रोसेसर कमी पडतो. पहिल्याच्या बोर्डावर फार तर त्याच पिढीचा आय-७ बसेल. पुढें वाट बंद आहे. इंटेलची आठवी पिढी २०१७ च्या ऑक्टोबरांत आली, तेव्हां खोबणीचें नांव तेंच राहिलें, तरी तिला नवा बोर्ड लागला. एएमडीनें मात्र एएम-४ ही खोबण कित्येक वर्षें चालविली. त्यामुळें बोर्डाच्या उत्पादकानें नवें बायोस दिलें असल्यास दुसऱ्या शेजाऱ्याच्या त्याच बोर्डावर २०२२ सालचा रायझन ५ ५६०० बसतो. बायोस बदलण्याचें काम जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीं करावें, एवढीच दक्षता. एकाच वयाच्या दोन संगणकांचा निकाल असा भिन्न लागतो. यास्तव संगणकाचें वय विचारण्यापेक्षां त्याच्या बोर्डाचें नांव विचारणें अधिक उपयोगाचें.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा थांबविला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठीं एका वर्षाची जादा मुदत देण्यांत आली. विंडोज ११ च्या अधिकृत यादींत वर सांगितलेल्या २०१७ सालच्या दोन्ही प्रोसेसरांस स्थान नाहीं. रायझन ५ ५६०० ला आहे. ज्या संगणकावर घरचे बँकव्यवहार होतात, त्याच्या बाबतींत ही गोष्ट खेळाच्या गतीहून महत्त्वाची आहे.

ग्राफिक्स कार्ड बदलावयाचें ठरल्यास वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसकडे आधीं पाहावें. २०१६ सालचें जीटीएक्स १०५० टीआय हें कार्ड ७५ वॅटमध्यें भागवीत असे, आणि त्यास ३०० वॅटचा एसएमपीएस पुरे. २०२१ सालच्या आरटीएक्स ३०६० साठीं निर्माता ५५० वॅटची शिफारस करतो. स्वस्त, जुन्या एसएमपीएसवर असा भार टाकणें म्हणजे झिजलेल्या दोरानें भरलेली घागर ओढणें होय. साठवणीची गोष्ट निराळी. हार्ड डिस्क असलेल्या संगणकांत एसएसडी बसविली, कीं तो सुरू होण्यास आणि खेळ उघडण्यास लागणारा वेळ पुष्कळ कमी होतो. मात्र चित्रांची गति तिनें फारशी वाढत नाहीं.

कोणते खेळ खेळावयाचे, हेंहि ठरविलें पाहिजे. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' या २०२४ च्या खेळास प्रकाशकिरणांचा हिशेब करणारें कार्डच लागतें. जीटीएक्स १०५० टीआयचा तेथें निभाव लागत नाहीं. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं काढलेल्या 'राजी' सारखे, कथेवर आणि कलेवर भर देणारे खेळ पुष्कळ आहेत, आणि त्यांस सर्वांत महाग यंत्राची गरज नसते. आवडते खेळ जुन्या संगणकावर सुखानें चालत असतील, तर केवळ नव्याच्या जाहिरातीनें तो जुना होत नाहीं.

खर्चाचा नियम साधा आहे. जी वस्तु उद्यांच्या संगणकांतहि चालेल, तिच्यावर निःशंकपणें पैसा घालावा. एसएसडी, चांगला एसएमपीएस, पेटी आणि मॉनिटर हीं त्यांतलीं. ग्राफिक्स कार्डहि पुढें नेतां येतें. परंतु मार्ग खुंटलेल्या बोर्डासाठीं त्याच जुन्या पिढीचा महाग प्रोसेसर शोधीत हिंडणें शहाणपणाचें नाहीं. अशा वेळीं बोर्ड व प्रोसेसर एकदम बदलावे. त्यांतहि सर्वच टाकावें लागतें असें नव्हे. इंटेलच्या बाराव्या पिढीसाठीं डीडीआर-४ रॅम चालणारे बोर्ड निघालेले आहेत, म्हणून पहिल्या शेजाऱ्याची रॅम वांचूं शकते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे कारखान्यांचें उत्पादन वळल्यानें रॅमच्या किंमती भडकल्या होत्या, हें ध्यानांत घेतां ही बचत लहान नव्हे. जें खरोखरच निरुपयोगी ठरेल, तें भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकतां अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावें. त्याविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेले आहेत.

एक भाग बदलल्यानें अडचण दूर होत असेल, तर डागडुजी करावी. एका भागासाठीं दुसरा आणि दुसऱ्यासाठीं तिसरा बदलावा लागत असेल, तर नव्याचा हिशेब मांडावा. हा हिशेब बापलेकांनीं एकत्र बसून, कागदावर, दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं करावा. मग निर्णय कोणताही होवो, घरांत त्याचा पश्चात्ताप होणार नाहीं.